गळ्यातली किल्ली

वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतून अडसर घालण्याची जी वहिवाट होती, तिच्या मुळाशी घर कधीच रिकामे नसते हे गृहीत होते. आजी, आत्या, काकू यांपैकी कोणी ना कोणी ओसरीवर असायचेच, आणि कर्त्या बाईच्या कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा हा कोठीचा, फडताळाचा आणि दागिन्यांच्या पेटीचा असे, घराचा नव्हे. शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या स्वाधीन घराची किल्ली करावी, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत संभवत नव्हती.

१८५६ साली ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढे कोकणातून व घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत पाळीपाळीने निजू लागली, तेव्हाही खोली क्वचितच रिकामी राही. बिऱ्हाडे स्थिरावल्यावर मात्र कुलुपाची गरज भासू लागली. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपांचा कारखाना काढला तो लालबागेत, म्हणजे गिरणगावातच. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांत खोली १६० चौरस फुटांची आणि मजल्यावर खोल्या वीस. रिळिंग किंवा वाइंडिंग खात्यात कामाला जाणारी बाई दाराला कुलूप घाली आणि किल्ली शेजारणीच्या भिंतीवरल्या खुंटीला अडकवून गिरणीची वाट धरी. कडी-कोयंड्यात लटकणारे ते कुलूप, घरात कोणी नाही, ही वर्दी साऱ्या मजल्याला देत असे. त्यामुळे दप्तर घेऊन जिना चढणाऱ्या पोराला, ‘आई यायचीय अजून, ये, दोन घास खाऊन घे,’ असे कोणीतरी आपण होऊन म्हणे. आई दिवसभर बाहेर असली तरी पोर उघड्यावर पडले, असे कोणाच्या मनातही येत नसे.

पुढे डोंबिवली, मुलुंड, बोरिवली या बाजूंना ओनरशिपचे ब्लॉक उठले, सुशिक्षित स्त्रिया बँका, विमा महामंडळ आणि सरकारी कचेऱ्यांतून नोकरीला लागल्या, आणि दाराला लॅच आले. लॅचचे दार ओढून घेतले की आपसूक बंद होते, आणि घर भरलेले असो वा रिकामे, बाहेरून ते तसेच दिसते. शेजाऱ्याला कळावे तरी कशावरून? गणवेशाच्या सदऱ्याआड काळ्या गोफात ओवलेली किल्ली बाहेर काढून, टाचा उंचावून, दार स्वतःकडे जरा ओढून धरल्याखेरीज ती फिरत नाही हे अनुभवाने शिकलेले ते मूल आत शिरे, तेव्हा ओट्यावर पोळीभाजी झाकलेली असे आणि गॅसला हात लावायचा नाही, बेल वाजली तरी साखळी काढायची नाही, एवढे हुकूम त्याला तोंडपाठ असत.

या मुलांच्या एकलेपणाचा ठपका त्या काळी नोकरदार आईवर ठेवला जाई, हा मला धडधडीत अन्याय वाटतो; गिरणीतली आईही तितकीच दूर होती, बदलले होते ते दार.

शिवाय लॅचचा एक धोका असा की, दूधवाल्याला पैसे द्यायला मूल बाहेर पाऊल टाकते आणि वाऱ्याने दार लोटून बंद होते. म्हणूनच पुष्कळ इमारतींतून दुसरी किल्ली समोरच्या बिऱ्हाडी ठेवण्याची रीत पडली, आणि मजल्यावरच्या एखाद्या वयस्कर बाईकडे तीन-चार घरांच्या किल्ल्या विश्वासाने जमा होऊ लागल्या.