दिवा मंदावणारं सर्किट गायला लागतं तेव्हा

आजची गोष्ट आठ पायांच्या एका चिपची. नाव, ५५५ टायमर. इलेक्ट्रॉनिक्स शिकताना बरेच जण हिच्यावर एलईडी हळूहळू उजळवतात, मंदावतात आणि पुढे जातात. पण तेच सर्किट वाजतंसुद्धा!

हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी ही चिप डिझाइन केली. पुढच्या वर्षी ती बाजारात आली. तिचं काम एकच, वेळ मोजणं. कपॅसिटर भरत जातो. सप्लायच्या दोन तृतीयांश व्होल्टेजला पोचला की चिप तो रिकामा करते, एक तृतीयांशावर आला की पुन्हा भरू देते. हाच चढउतार ट्रान्झिस्टरमधून एलईडीला दिला, की दिवा श्वास घेतल्यासारखा दिसतो.

आता गंमत बघा. रेझिस्टर १ आणि १० किलोओहमचे, कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा, तर एक फेरी साधारण दीड सेकंदाची. कपॅसिटर बदलून ०.१ मायक्रोफॅरडचा लावा. वेग हजारपट, म्हणजे सेकंदाला जवळपास ६८५ फेऱ्या. डोळ्याला दिवा नुसता पेटलेला दिसतो. पण तिसऱ्या पिनला १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून छोटा स्पीकर जोडा, सूर ऐकू येतो.

अमेरिकेत फॉरेस्ट मिम्स यांनी रेडिओ शॅकच्या दुकानांसाठी हाताने लिहिलेल्या वह्या केल्या. १९८० च्या वहीत दोन टायमरचं एक सर्किट आहे. पहिला टायमर ठोके देतो, दुसरा प्रत्येक ठोक्यावर ठरावीक लांबीचा पल्स. पल्स दोन ठोक्यांमधल्या अंतरापेक्षा लांबला, की मधला ठोका वाया जातो. सूर एकदम निम्म्या फ्रिक्वेन्सीवर येतो, मग एक तृतीयांशावर. आवाज घसरत नाही, पायऱ्या उतरतो. अगदी जुन्या व्हिडिओ गेमसारखा! म्हणून पुढे त्याचं नाव पडलं 'अटारी पंक कन्सोल'.

१९७० मध्ये आलेला मिनीमूग सिंथेसायझर सुमारे १,५०० डॉलरचा. तो घ्यायला बँड हवा, स्टुडिओ हवा. मिम्स यांच्या वहीने तीच मजा शाळकरी पोरांच्या टेबलावर आणली. म्हणून मला वाटतं, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात मूगशेजारी या वहीलाही जागा हवी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळे पार्ट्स मिळतात. नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. फक्त हेडफोन थेट जोडू नका, कान सांभाळा. भेटू पुढच्या भागात!