पासोडीपासून स्टेटसपर्यंत

आमच्या बीड जिल्ह्याला लिहिण्याचे वेड जुने आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) ‘पंचीकरण’ मांडले ते कापडावर. ही पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. चारशे वर्षे उलटली तरी तिचे नाव निघते. याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील वाहिरे गावाशी शेख महंमदांचे नाव जोडले जाते. ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा माणूस मुसलमान असून मराठी संतकवी. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्याला तो घरातलाच वडीलधारा वाटतो.

आज मात्र मला बोलायचे आहे ते चारशे वर्षे टिकणाऱ्या लेखनाबद्दल नव्हे, चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या लेखनाबद्दल.

१९८० च्या दशकाच्या शेवटी मी अकरावीत होतो. कॉलेजात भित्तिपत्रक असायचे. माझी पहिली कविता तिथे लागली आणि दुपारपर्यंत कुणीतरी तिच्याखाली पेन्सिलीने एक चावट ओळ लिहून ठेवली. सगळा वर्ग हसला. संध्याकाळी सरांनी कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “दुसरी आण.” मी दोन दिवस तोंड लपवून घरी बसलो. तिसऱ्या दिवशी गेलो, तर पोरांना हसायला दुसरा विषय मिळालेला होता. माझी फजिती एका भिंतीपुरती होती, शंभर-दीडशे पोरांपुरती होती, आणि घराचा उंबरा ओलांडला की ती बाहेर राहत होती.

पुढच्या काळात ही भिंत पोरांच्या खिशात आली. फेसबुक सगळ्यांना खुले झाले २००६ मध्ये. २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले, त्याच वर्षी व्हॉट्सअॅप आले आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम. तरीही आमच्या खेड्यापाड्यांत ते पोचले नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटले. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअॅपवर चोवीस तासांचे स्टेटस सुरू झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळाच मोबाइलमध्ये गेली. ज्या बापाने पोराच्या हाती कधी फोन दिला नव्हता, त्यानेही उसनवारी करून तो आणला. जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स हजर झाले.

पोरांना दोष देण्याआधी मोठ्यांनी काय केले तेही आठवावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या अफवा मोबाइलवरूनच फिरल्या होत्या. त्या जमावाच्या हातांना काय म्हणायचे? ते काही कोवळे नव्हते.

मग जून २०२३ आला. औरंगजेबाच्या स्टेटसवरून ७ जूनला कोल्हापुरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला. त्याच आठवड्यात आमच्या आष्टीतही तसाच प्रकार घडला. स्टेटस ठेवणारा अल्पवयीन होता. गुन्हा नोंदला गेला, बाजारपेठ बंद राहिली. त्या पोराने जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. शेजाऱ्याचे मन दुखेल असे मुद्दाम करू नये, हे आमच्याही घरात शिकवतात. पण एका पोराच्या बोटाची हालचाल अख्ख्या गावाचे शटर खाली ओढू शकते, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले.

त्या वेळी माझा भाचा दहावीत होता. त्याने काहीही टाकलेले नव्हते. तरी आपाने भीतीपोटी त्याच्या फोनमधले सिम काढून पिठाच्या डब्यात लपवले. पोरगा जेवेना. आठ दिवसांनी सिम परत मिळाले, तर नवीनच सुरू झाले. रात्री दोनला उठायचा आणि स्वतःचे स्टेटस तपासायचा. मी विचारले, तर म्हणाला, “मामू, झोपेत चुकून काही गेलं असलं तर?” पंधरा वर्षांचे पोर. वर्गातल्या मित्रांनी त्याला एका ग्रुपमधून काढून टाकले होते, हे त्याने दोन महिन्यांनी सांगितले. माझ्या वेळी दोन दिवसांत संपलेली गोष्ट त्याच्या खिशात रोज नव्याने वाजत होती.

डॉक्टर सांगतात, या वयात सोबत्यांच्या नजरेला फार किंमत असते आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग अजून पक्का व्हायचा असतो. त्यात झोप मोडली की मन आणखी हळवे होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०२३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते, की दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांत चिंता आणि उदासीची लक्षणे दिसण्याचा धोका दुपटीने असतो. आधी फोन की आधी उदासी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. ऑस्ट्रेलियाने वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. १६ वर्षांखालील मुलांना खाती बंद करणारा कायदा तिथे १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला.

आपल्याकडे सरळ बंदी घाला म्हणणे सोपे आहे. पण आमचा जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आमच्या गल्लीत अशी एक पोरगी आजीजवळ राहते. रात्री आठला तिची आई फडावरून फोन करते, व्हिडिओवर लेकीचे तोंड बघते. त्या पोरीचा फोन काढून घेणारा मी कोण?

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा मार्ग पटतो. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल बंद. यातली खरी गोष्ट अशी, की भोंगा एकट्या पोरांसाठी वाजत नाही, मोठ्यांसाठीही वाजतो.

आमच्या घरी भोंगा नाही. इशाच्या नमाजनंतर सगळ्यांचे फोन कपाटावर ठेवायचे, एवढे आम्ही ठरवले. पहिल्या रात्री नियम मोडला तो मीच, मुशायऱ्याचा निरोप आला का ते पाहण्यासाठी. भाच्याने पाहिले आणि तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. ज्यांच्या घरी असे हसू परतत नसेल, त्यांनी लाजू नये. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन उचलणारा माणूस ऐकून घेतो.

भाचा आता बारावी झाला. परवा त्याने मला स्वतःची चार ओळींची कविता दाखवली, वहीच्या पानावर. “स्टेटसला ठेवू का मामू?” त्याने विचारले. मी म्हणालो, “ठेव. पण वही जपून ठेव. आणि दुसरी आण.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)