फुटबॉल लीग, पहिला हंगाम

फुटबॉल लीग, पहिला हंगाम : (१८८८-८९). इंग्लंडमधील पहिली साखळी फुटबॉल-स्पर्धा. जगातील राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धांची सुरुवातही हिच्यापासूनच मानतात. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. त्यामुळे संघांवर वेतनाचा नियमित भार पडला. उत्पन्न मात्र बेभरवशाचेच राहिले. एफ. ए. चषकाच्या बाद स्पर्धेत लवकर हरलेल्या संघाला उरलेला हंगाम मैत्रीच्या सामन्यांवर काढावा लागे आणि हे सामने ऐनवेळी रद्दही होत. बर्मिंगहॅम येथील कापडाचे दुकानदार व ॲस्टन व्हिला संघाचे पदाधिकारी विल्यम मग्रेगर यांनी यावर उपाय सुचविला : निवडक संघांनी दर हंगामात परस्परांशी एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिपक्षाच्या मैदानावर खेळावे. मँचेस्टर येथे १७ एप्रिल १८८८ रोजी लीगची स्थापना झाली.

बारा संघांपैकी सहा लँकाशरमधील व सहा मिडलंड्समधील होते. हौशी खेळाचा आग्रह धरणाऱ्या दक्षिणेतील एकही संघ तीत नव्हता. तेव्हा ‘राष्ट्रीय’ हे विशेषण सैल अर्थानेच घ्यावे लागते. ८ सप्टेंबरला सामने सुरू झाले, तरी संघांचा अनुक्रम कसा लावायचा, हेच ठरलेले नव्हते! विजयास दोन व बरोबरीस एक गुण हा नियम नोव्हेंबरमध्ये संमत झाला.

प्रेस्टन नॉर्थ एंडने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडविले. ७४ गोल केले व १५ स्वीकारले. त्याचे गुण ४०, तर दुसऱ्या क्रमांकाच्या ॲस्टन व्हिलाचे २९ होते. जॉन गुडॉल हा प्रेस्टनचा प्रमुख गोलकर्ता. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा ३–० असा पराभव करून प्रेस्टनने एफ. ए. चषकही जिंकला आणि त्या स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नाही. पुढे आर्सेनलने २००३-०४ मध्ये ३८ सामन्यांचा हंगाम अपराजित राहून जिंकला. चषक मात्र त्याला मिळाला नाही.

प्रेस्टनच्या यशामागे विल्यम सडेल या गिरणी-व्यवस्थापकाचा हात होता. त्याने स्कॉटलंडमधून अनेक खेळाडू आणले. खेळाडूंना पैसे देत असल्याचे त्याने १८८४ मध्येच उघड कबूल केले होते व त्यापायी संघ चषक-स्पर्धेतून बाद ठरला होता. व्यावसायिकतेच्या मान्यतेस या कबुलीनेच खरी चालना मिळाली. प्रेस्टनने १८८९-९० मध्येही लीग जिंकली. त्यानंतर कधीच नाही. गिरणीच्या पैशाच्या अपहाराबद्दल १८९५ मध्ये सडेलला तीन वर्षांचा कारावास झाला. त्यातील पुष्कळसा पैसा संघावर खर्च झाला होता, असे मानले जाते.