वाड्यांतील गारवा

अठराव्या शतकांत पुणें हें पेशव्यांचें ठाणें झालें आणि शहरांत वाडे उभे राहूं लागले. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालीं झाली. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविला. या वाड्यांचें वैभव बखरकारांनीं व इतिहासकारांनीं वर्णिलें. परंतु ते बांधणाऱ्या गवंडी-सुतारांच्या ज्ञानाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. विजेचा पंखा नव्हता, त्या काळीं वैशाखांतील दुपार सुसह्य करण्याचें काम त्यांनीं माती, दगड व लांकूड यांजकडून करवून घेतलें.

काळ्या दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यांत विटा-मातीच्या जाड भिंती, अशी ही रचना. जाड भिंत उष्मा नाहींसा करीत नाहीं. ती त्यास विलंब लावते. फूटभर जाडीच्या मातीच्या भिंतींतून दुपारचा उष्मा आंत पोंचण्यास आठ-दहा तास लागतात. तोंवर रात्र होऊन बाहेरची हवा निवलेली असते. पठारावर उन्हाळ्यांतील दिवस व रात्र यांच्या उष्णमानांत पुष्कळ अंतर पडतें, म्हणून ही युक्ति पुण्यास फळली. कोंकणच्या दमट हवेंत वारा खेळता ठेवण्यासच अधिक महत्त्व.

वाड्याचा प्राण म्हणजे चौक. रात्रीं उघड्या आभाळाखालीं छपरें व फरशी निवतात; थंड झालेली जड हवा चौकांत उतरते आणि ओसऱ्यांत पसरते. ओसरीवरील पुढें आलेलें छप्पर हें सूर्याच्या गतीशीं जुळलेलें असतें. पुणें विषुववृत्तापासून साडेअठरा अंश उत्तरेस असल्यामुळें मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्हीं थेट माथ्यावर येतो, व त्याचें ऊन छपरावरच अडतें. डिसेंबरांत तोच सूर्य माध्यान्हीं दक्षिणेस सुमारें ४८ अंशांवर असतो. मग दक्षिणेकडे तोंड असलेल्या ओसरींत कोंवळें ऊन शिरतें.

या बांधणींत वैगुण्यें नव्हतीं असें नाहीं. लांकडामुळें १८२८ सालीं शनिवारवाडा जळाला. १९६१ सालच्या पानशेतच्या पुरांत नदीकांठचीं मातीचीं घरें विरघळलीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, आणि मालकांस डागडुजी परवडेनाशी झाली. पाठोपाठ सिमेंटच्या इमारती आल्या. त्यांच्या पातळ भिंती व उघड्या गच्च्या दिवसभर तापतात आणि रात्रभर घरांत ऊब सोडतात. मग वातशीतक यंत्रें लावावीं लागतात, व विजेचें देयक वाढतें.

भारत सरकारनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. भिंत, छप्पर व खिडकी यांतून घरांत किती उष्मा यावा याची मर्यादा तींत घातली आहे. जुन्या गवंड्यांच्या अनुभवास यामुळें आंकड्यांचें रूप मिळालें.

जे वाडे उरले आहेत त्यांत सुधारणा अल्प खर्चांत होऊं शकते. चौकावर घातलेले पत्रे काढावे; गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा; पश्चिमेच्या खिडक्यांस बाहेरून चिकाचे पडदे लावावे; आणि खिडक्या रात्रीं उघडून सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं मिटाव्या. नव्या घरासही पांढरी गच्ची व खिडकीवरील सावली वर्ज्य नाहीं. वाडा पाडल्यावर त्याची छायाचित्रें राहतात, परंतु त्यांतील गारवा छायाचित्रांत उतरत नाहीं. तो पुढील पिढीस द्यावयाचा असेल, तर त्यामागील शास्त्र घराघरांत आचरणांत आलें पाहिजे.