टीव्हीजवळच्या पेटीचे गणित

घरी किंवा शाळेत जमवलेली गाणी, नाटके आणि माहितीपट आता बहुधा एखाद्या हार्ड डिस्कवर असतात. व्हिडिओ सीडीवरची मराठी नाटके कोणीतरी संगणकावर उतरवून ठेवलेली असतात, स्नेहसंमेलनाचे चित्रण मोबाइलमधून येऊन पडलेले असते. हे सारे टीव्हीवर पाहायचे, तर मध्ये एक लहानशी पेटी लागते. फाइल जशी येत जाईल तशी ती दाखवत जाते. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. पेटी घ्यायला गेलो की दुकानदार किंमत आणि चित्राची सुबकता सांगतो. या पेटीचा इतिहास पाहिला, तर मात्र विचारायचा प्रश्न वेगळाच आहे असे दिसते : साठवलेले चित्र उलगडण्याचे गणित करणार कोण?

गणित कसले, ते आधी पाहू. टीव्हीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके धरू. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार वर्गात करून घ्यावा; उत्तर दर सेकंदाला १२४ कोटी बिटांच्या वर जाते. तासाभराच्या चित्रणाला सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७. तेव्हा चित्र दाबून लहान केल्याखेरीज घरी संग्रह करणे शक्यच नव्हते.

दाबण्याची मुख्य युक्ती ज्यांना सुचली ते नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. युक्ती अशी : चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन वेगवेगळ्या कोसाइन लहरींची बेरीज म्हणून लिहायचा. आकाश, भिंत अशा सपाट भागात बहुतेक लहरींचे गुणांक शून्याजवळ येतात. ते गाळले तरी डोळ्याला फारसे कळत नाही. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्या मुलाला आम्ही तरी हेच उदाहरण देऊ.

पुढे एका चित्रातून दुसऱ्यात नेमके काय बदलले तेवढेच लिहिण्याची युक्ती तिला जोडली गेली. व्हिडिओ सीडीचे एमपेग-१, डीव्हीडीचे एमपेग-२, २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एचईव्हीसी या पद्धती याच मुळावर वाढल्या. प्रत्येक पिढीत फाइल लहान होत गेली आणि गणित अवघड होत गेले.

आता पेट्यांकडे वळू. २००१ मध्ये स्लिम डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीने एक पेटी काढली. तिच्यात डिस्क नव्हती. गाणी घरच्या संगणकावर असत आणि तारेतून पेटीकडे येत. तिला एमपी-थ्री ही एकच भाषा कळे. गाणे दुसऱ्या पद्धतीने साठवलेले असेल, तर संगणक ते आधी भाषांतरित करून पाठवी. म्हणजे जड काम संगणकाकडे, हलके पेटीकडे.

याच्या उलट मार्ग एक्सबॉक्सवाल्यांचा. खेळासाठी बनवलेल्या या यंत्रात फेरफार करून काही हौशी प्रोग्रॅमरांनी २००२ पासून त्यावर चित्रपट दाखवायला सुरुवात केली. तोच प्रोग्रॅम आज कोडी नावाने ओळखला जातो. इथे सारे गणित यंत्राच्या ७३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर. डीव्हीडीपर्यंत त्याने निभावले; मोठ्या पडद्याचे एच.२६४ चित्रण मात्र त्याला झेपेना.

आणि मग २०१२ साली रास्पबेरी पाय आला. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी काढलेला, ३५ डॉलरचा, तळहाताएवढा संगणक. त्याचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे कागदावर एक्सबॉक्सहूनही मंद. पण एक्सबॉक्सला न झेपलेले चित्रण तो सहज दाखवी, कारण त्याच्या चिपमध्ये एच.२६४ उलगडणारे वेगळे मंडल होते. डीव्हीडीचे जुने, सोपे एमपेग-२ मात्र ते मंडल दाखवीना! त्याचीही सोय चिपमध्ये होती, पण ती कुलूपबंद. पेटंटचा परवाना प्रत्येक पायमागे घ्यावा लागे, आणि तो खर्च किंमत खाली ठेवण्यासाठी वगळला होता. ऑगस्ट २०१२ पासून २ पौंड ४० पेन्स भरून कुलूप उघडण्याचा अंक मिळू लागला, तोही त्या एकाच पायपुरता. तंत्र आहे, पण परवानगी नाही, असा हा प्रकार. पेटी निवडताना तो आजही आडवा येतो.

स्लिम डिव्हायसेसचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ती कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली. २०१२ मध्ये या पेट्या काढणे बंद झाले आणि २०२४ मध्ये त्यांची इंटरनेट सेवाही. तरी लोकांच्या घरी त्या पेट्या गातच राहिल्या. गाणी पाठवणारा संगणकावरचा प्रोग्रॅम पहिल्यापासून खुला होता, आणि वापरणाऱ्यांनी तो लिरियन या नावाने सांभाळला आहे. जिची सारी सूत्रे कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे असतात, अशा पेटीला हे भाग्य लाभत नाही. शाळेचा वीस वर्षांचा संग्रह तिच्या भरवशावर ठेवणे आम्हांला धोक्याचे वाटते.

फाइलच्या नावापुढचे एमपी-फोर किंवा एमकेव्ही हे फक्त डब्याचे नाव. आत पदार्थ कोणता आहे ते व्हीएलसीसारखा प्रोग्रॅम सांगतो. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर चार तुकडे न्यावेत : एक व्हिडिओ सीडीवरचा, एक डीव्हीडीवरचा, एक नव्या मोबाइलचा आणि एक मराठी उपशीर्षके असलेला. शेवटच्यात जोडाक्षरे फुटत नाहीत ना, तेही पाहावे. मग पेटीची इंटरनेटची जोडणी काढायला सांगून तेच चार तुकडे पुन्हा लावून बघावेत.