चिनी पालकत्व घडले कसे?

चिनी आईबाप मुलांच्या अभ्यासापायी जिवाचे रान करतात, याचे कारण विचारले की बोट सहसा कन्फ्यूशियसकडे दाखवले जाते. हे उत्तर सोयीचे असले तरी अपुरे आहे. आज दिसणारे चिनी पालकत्व प्राचीन संस्कारांपेक्षा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी निर्णयांनी अधिक घडवले आहे. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा बंद पडल्या. शहरांतली शिकलेली तरुण मुले शेतावर राबायला खेड्यांत धाडली गेली. १९७७ मध्ये डंग श्यावफिंग यांच्या पुढाकाराने ही परीक्षा, म्हणजे गाओकाओ, पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सुमारे ५७ लाख जण परीक्षेला बसले आणि तीन लाखांहूनही कमी जणांना प्रवेश मिळाला. ज्या पिढीचे शिक्षण हुकले होते, तिला आपल्या मुलांसाठी वर चढण्याची एकच वाट दिसली. पाठोपाठ सप्टेंबर १९८० मध्ये कम्युनिस्ट पक्षाने जाहीर पत्र काढून आपल्या सदस्यांना एकाच अपत्यावर थांबायला सांगितले. शहरी घरांत आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशा सहा माणसांच्या आशा एकाच मुलावर येऊन ठेपल्या.

यावर आक्षेप येतो की राजदरबारी नोकरीच्या परीक्षा चीनमध्ये तेराशे वर्षे चालल्या, त्या १९०५ मध्ये बंद झाल्या. मग ही ओढ जुनीच नाही का? विद्येचा मान जुना आहे, हे खरेच. पण त्या परीक्षांना स्त्रियांना मज्जाव होता, आणि शेतातला हात वर्षानुवर्षे पुस्तकांसाठी मोकळा ठेवणे बहुतेक शेतकऱ्यांना परवडत नव्हते. आपले प्रत्येक मूल या शर्यतीत उतरलेच पाहिजे, ही अपेक्षा नवी आहे. या एक-अपत्य धोरणाच्या काळात गर्भलिंगनिदानामुळे असंख्य मुली जन्मालाच आल्या नाहीत. मात्र शहरात जी मुलगी एकुलती एक होती, तिच्या शिक्षणावर पूर्वी मुलावर झाला असता तसा खर्च झाला. परंपरेच्या जोरावर हे घडले नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दक्षिण कोरिया आणि तैवानमध्ये अपत्यांवर अशी सक्ती नव्हती, तरी शिकवण्यांचा भार तिथेही आहे. म्हणूनच सगळा दोष अपत्यधोरणावर टाकता येत नाही. या समाजांतला समान धागा आहे तो आयुष्याची दिशा ठरवणारी प्रवेश परीक्षा. चीनमध्ये त्यात १९५८ पासूनच्या हुकोऊ या निवासनोंदणीची भर पडली. शहरात मजुरीला गेलेल्या आईबापांच्या मुलांना तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणे अवघड, म्हणून कोट्यवधी मुले गावी आजी-आजोबांकडे वाढली.

सरकारने २०१६ पासून दोन आणि २०२१ मध्ये तीन अपत्यांना मुभा दिली. त्याच वर्षी शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली. तरीही २०२२ मध्ये जन्म एक कोटीच्या खाली गेले आणि लोकसंख्या घटली. दोन-तीन पिढ्यांच्या मनात रुजलेली भीती फर्मानाने जात नाही. परीक्षा आणि निवासनोंदणी यांची पकड सैल केल्याशिवाय चिनी आईबापांना निर्धास्त होण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे.