भरतीच्या गणिताने अलिबाग

परवा मुलाचा फोन आला. "आई, पुढच्या महिन्यात सगळे दोन दिवस अलिबागला जाऊ. तारीख तू बघ, बुकिंग मी करतो." मी लगेच भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि चष्मा लावून बसले. नातू म्हणाला, "आजी, तिथी कशाला बघतेस? कुणाचं लग्न आहे का?"

लग्न नाही, पण समुद्राकडे जायचं तर मुहूर्त लागतोच! अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला तो बेट होतो. म्हणजे तिथे कधी पोचायचं आणि कधी परत फिरायचं हे आपण नाही, समुद्र ठरवतो.

याचं गणित मला माझ्या आजीने, म्हणजे आईच्या आईने शिकवलं. ती रेवसकडची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण हिशेब तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच मागे सरकते, एवढंच त्यामागचं शास्त्र. हा अर्थात अदमास. निघण्याआधी छापील कोष्टक बघायचंच.

आता पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पाणी खूप मागे हटतं, पण ओहोटी येते पहाटे सहाला. आमची मंडळी त्या वेळी अंथरुणात! अष्टमीला ओहोटी भर दुपारी, शिवाय भांगाची, म्हणजे पाणी पुरतं ओसरत नाही. म्हणून मी मधला मार्ग काढला. एका रविवारी वद्य पंचमी आहे. ओहोटी पावणेदहाच्या आसपास. नऊच्या आत वाळूत उतरायचं आणि अकराच्या आत परत. मुलाला कळवलं, तर तो म्हणाला, "आई, तू अजून वर्गातच आहेस."

असो. त्या किल्ल्यात एवढं काय आहे, असं सूनबाईने विचारलं म्हणून थोडं सांगते. शिवाजीमहाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि संभाजीमहाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाच्या बाहेरच्या अंगाचे मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले. आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव धावले. पोर्तुगिजांनी वेगळा तह केला, आणि इंग्रजांना हात हलवत परत जावं लागलं. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात असून गोड्या पाण्याची सोय आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. लोक त्यांना आंग्र्यांच्या समजून फोटो काढतात, पण त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आहे. नातवंडांना ते आपणहून वाचू देणार आहे.

इथपर्यंत सगळं ठरलं. मग मुलगा म्हणाला, "गाडीसकट भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने जाऊ. तासाभरात मांडवा." आणि मी गप्प झाले.

वाचकहो, सत्तरी उलटली तरी मी आजवर बोटीने अलिबागला गेलेले नाही. दर वेळी पनवेल, पेण, वडखळ करत एसटीने. कारण ज्या आजीने भरतीचं गणित शिकवलं, तिनेच आम्हा मुलांना बोटीची बंदी केली होती. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गुरुवार होता, आषाढ अमावास्येचा सुमार, म्हणून गावी निघालेल्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ बोट लाटांत सापडली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी वाचवलं. होडीतली मासळी पाण्यात टाकून त्यांनी माणसं आत घेतली.

आजीचा धाकटा भाऊ त्या बोटीवर होता. सापडला नाही. आजी त्याच्याबद्दल फारसं बोलत नसे. अमावास्येला फक्त विचारी, "आज पाणी केवढं चढलंय गं?"

दोन रात्री विचार केला. आजीचं वाक्य मी अर्धंच लक्षात ठेवलं होतं, असं मला आता वाटतं. ती "बोटीत बसू नका" म्हणत असे, आणि कधी कधी पुढे "नारळी पौर्णिमा होईपर्यंत" असंही म्हणत असे. आम्ही पुढचं सोडून दिलं आणि भीती तेवढी ठेवली. तिचे भाऊबंद पुढेही पाण्यावर जातच होते. ते पोटासाठी जात, पण पंचांग बघून. ज्या बाईने समुद्राची वेळ हाताच्या बोटांवर मोजली, ती समुद्राची वैरीण कशी असेल?

मुलाला फोन केला. "रो-रोचंच तिकीट काढ. मला कठड्याजवळ बसव."

तो म्हणाला, "नक्की?"

"नक्की. नारळी पौर्णिमा केव्हाच झाली."

नातवंडांना काशाच्या खडकाबद्दल बोटीत नाही सांगणार, परत आल्यावर सांगेन. पण धाकटी आतापासून पाऊणपटीचा पाढा घोकते आहे. काल तिने विचारलं, "आजी, एकादशीला सव्वाआठ ना?" बरोबर आहे. नातेवाइकांपैकी आणखी कुणाला यायचं असेल तर आठवड्यात कळवा. आणि रविवारी नऊच्या ठोक्याला वाळूत हजर राहा. पाणी कुणासाठी थांबत नाही!